दरीकाठचे बोलकरी

“दोर तुम्ही कापलात!”

एका राज्यात रोज दिवस मावळताना हे वाक्य एका दरीवरून पलीकडे फेकले जाई. कोणी कापला त्याचे नाव नाही, कधी कापला त्याचा साक्षीदार नाही. नुसते ‘तुम्ही’. पलीकडूनही तेच वाक्य तितक्याच त्वेषाने परत येई. दरीत बारमाही धुके असे, त्यामुळे फेकणाऱ्याला झेलणारा कधी दिसत नसे.

उगवतीच्या काठावर वाखकुळाचे लोक राहत आणि मावळतीच्या काठावर तागकुळाचे. दोघेही दोर वळणारे. वाखकुळ घायपाताच्या वाखाचा दोर उजव्या पिळाने वळी, तागकुळ तागाचा दोर डाव्या पिळाने. सत्तर वर्षांपूर्वी दोघांनी मिळून दरीवर झुलता पूल टाकला. अर्धा वाखाचा, अर्धा तागाचा, आणि मधोमध टोकाला टोक बांधलेले. मयंद नावाच्या मांत्रिकाचा मुलगा त्यावरून सगळ्यांत आधी निघाला. तो बरोबर मध्यावर पोचला आणि पूल सुटला.

मांत्रिक काठावर आला. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, “तुमच्या दोन्ही कुळांच्या तोंडून एकच खरं निघेपर्यंत या राज्यात कुठल्याच दोराला वजन पेलणार नाही. आणि आता या दरीत जो पडेल तो मरणार नाही. पडसाद होऊन राहील.” मग तो धुके होऊन खाली उतरला.

तेव्हापासून विहिरीत सोडलेली कळशी विहिरीतच राही. पाळणे टांगता येईनात, म्हणून लेकरे जमिनीवर निजू लागली. नावा वाहून गेल्या. फाशीची शिक्षा तेवढी बंद पडली, आणि सत्तर वर्षांत त्या राज्यात काही चांगले घडले असेल तर ते तेवढेच.

खरे म्हणजे काय, हे मात्र दोन्ही कुळांनी लगेच ठरवून टाकले. खरे म्हणजे समोरच्याने कबूल होणे. म्हणून प्रत्येक कुळाने एक बोलकरी नेमला. कड्यावरच्या शिळेवर उभे राहून रोज एकदा समोरच्यांना बोल लावायचा, हे त्याचे काम. त्या एका वाक्याखेरीज दुसरा शब्द पलीकडे जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम.

वाखकुळाचा नायक शूरपाल याचा मुलगा देवल एकोणिसाव्या वर्षी बोलकरी झाला. पहिले काही महिने तो खऱ्या रागाने ओरडे. लहानपणापासून तेच तर शिकवले होते. मग एका थंडीत पलीकडून आवाज आला, “दोर तुब्ही कापलात!”

समोरच्या बोलकऱ्याला सर्दी झाली होती.

देवलला हसू आवरेना. शत्रूला नाक असते, आणि ते चोंदतेही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम नाक दाबून हाळी दिली, “दोर तुब्ही कापलात!” मग धुक्यातून कोणीतरी फुसकन हसल्याचा आवाज आला, आणि तो घाईघाईने खोकल्यात बुडवला गेला.

तिथून सुरुवात झाली. शब्द तीनच होते, पण ते दोघांना पुरले. ‘दोर’ लांबवला की आज दमलो आहे. ‘तुम्ही’ हलके म्हटले की तुझी आठवण झाली. ‘कापलात’ मध्येच तुटले की घरात कटकट झाली. दोन वर्षे ते असे बोलले. मागे उभे असलेले कुळ माना डोलावी, की वा, काय तळमळीने बोल लावतो आपला पोरगा!

दरीच्या उगमापाशी, तीन दिवसांच्या वाटेवर, राजाची जत्रा भरे. तिथे दोन्ही कुळांना शस्त्र नेण्याची मनाई होती. तिसऱ्या वर्षी देवल तिथे गेला. कुंभारणीच्या पालापुढे कोणीतरी हुज्जत घालत होता, “आजी, हे मडकं गळतंय. भोक तुम्ही पाडलंत.”

देवल जागच्या जागी थांबला. तो ‘तुम्ही’ त्याच्या ओळखीचा होता. तो त्या तरुणाच्या मागे जाऊन हळूच म्हणाला, “दोर तुब्ही कापलात.”

तरुणाने वळून पाहिले. उंच, सावळा, एका भुवईत वण. नाव किंशुक.

“दोन वर्षं माझ्या सर्दीची टिंगल करणारा तो तूच काय?”

“सर्दी झाली तरी कामावर येणारा तो तूच काय?”

“काका सोडतच नाही. मेलो तरी आधी बोल लाव म्हणतो, मग मर.”

कुंभारीण म्हणाली, “मडकं घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा. गिऱ्हाईक अडलंय.”

ते बाजूला झाले, आणि जत्रेचे तीन दिवस बाजूलाच राहिले. किंशुकच्या डाव्या तळहाताला घट्टा होता, देवलच्या उजव्या. समोरासमोर बसून हात जुळवले की घट्ट्यावर घट्टा बरोबर बसे. एका घोंगडीत दोघे निजले. ते प्रेम होते. त्या राज्यात त्याला शब्द नव्हता असे नाही. शब्द होता; तो दरी ओलांडून वापरायचा नाही, एवढीच रीत होती.

निघायच्या सकाळी किंशुक म्हणाला, “मला पुढच्या जत्रेपर्यंत थांबायचं नाही. मला पूल हवाय. पौर्णिमेच्या संध्याकाळी मी शिळेवरून म्हणेन, ‘दोर आम्ही कापला.’ त्याच वेळी तूही तेच म्हण. कोणीतरी कापलाच असणार ना? मग दोघांपैकी एकाचं तरी खरं ठरेल.”

देवलने तिथल्या तिथे शब्द दिला. दोर कोणी कापलाच नसेल, हे दोघांच्याही मनात आले नाही. त्या दोन काठांवर जन्मलेल्या माणसाच्या मनात ते येणे शक्यही नव्हते.

पौर्णिमा आली. देवल शिळेवर चढला आणि मागून शूरपाल आला. त्या दिवशी त्याने मुलासाठी चांदीचे कडे आणले होते.

“तुझ्यासारखा बोलकरी या कुळाला मिळाला नव्हता,” बाप म्हणाला, आणि त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “म्हण.”

देवलने तोंड उघडले. खांद्यावरचा हात जड होता आणि उबदार होता.

“दोर तुम्ही कापलात!”

त्याच श्वासाला पलीकडून आले, “दोर आम्ही कापला!”

आरोप आणि कबुली अशी जुळून आली की जणू कोणी तालीम घेतली असावी. वाखकुळात ढोल वाजू लागले. पलीकडे गलका झाला. त्यात किंशुकच्या काकाचा आवाज सगळ्यांत वर होता. मग गलका थांबला. धुक्यातून काहीतरी खाली गेले. किंकाळी आली नाही.

दुसऱ्या दिवशी बापाने शिळेवर उभे केले तेव्हा देवलने बोल लावला नाही. तो फक्त म्हणाला, “किंशुक?”

दरीतून, खूप खालून, ओळखीच्या आवाजात उत्तर आले, “किंशुक?”

देवलने कडे काढून शिळेवर ठेवले आणि तो चालू लागला.

रानात वठलेल्या बेहड्याच्या ढोलीत एक धनेशीण राहत होती. धनेशाची मादी अंडी घालताना स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर फटीतून तिला चारा भरवतो. हिच्या नराला बाण लागला होता. अंडी कधीच मेली होती. ती मात्र साठ वर्षे फटीआड जिवंत होती आणि माणसांसारखी बोले.

“उंबरं आणलीस?” तिने विचारले.

देवलने फटीतून उंबरे भरवली. ती खाऊन झाल्यावर म्हणाली, “पूल सुटला तेव्हा मी वर घिरट्या घालत होते. पण पाखराची साक्ष काढायची पद्धत नाही.”

“मग मला सांग. दोर कोणी कापला?”

“मी सांगितलं तर ते ऐकीव होईल. तुला कोण हवाय?”

“दरीतला एक जण.”

“मग तीन कामं. तुझ्या कुळाच्या पेटीतलं पुलाचं टोक आण. त्याच्या कुळाच्या पेटीतलं आण. मागून आण, चोरून नको. आणि दोन्हींचा मिळून दोर वळ, जो त्याच्यापर्यंत पोचेल. तो पेलला तर तो वर येईल.”

“आणि तो मला क्षमा करील?”

“ते काम मी सांगितलेलं नाही,” धनेशीण म्हणाली आणि तिने चोच आत घेतली.

पूल सुटल्यावर आपापल्या बाजूचे लोंबते टोक दोन्ही कुळांनी ओढून घेतले होते आणि पुरावा म्हणून चांदीच्या पेटीत ठेवले होते. पेटीवर पूर्वजांचा मंत्र होता: जो उघडेल, त्याला त्याचे कुळ विसरेल. त्यामुळे सत्तर वर्षांत तो पुरावा एकानेही पाहिला नव्हता.

देवल बापापुढे उभा राहिला. “बाबा, मला पेटी उघडायची आहे.”

“मंत्र ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे.”

“एका तागवाल्यासाठी?”

“हो.”

शूरपालाने किल्ली पुढे टाकली. “उघड. तुझी हिंमत होणार नाही. त्या दिवशी नाही झाली, आज कुठून होणार?”

म्हणजे बापाला त्या दिवशीचे सगळे कळले होते. देवलने किल्ली उचलली. झाकण उघडले. आत हातभर लांबीचा वाखाचा तुकडा होता. तो त्याने काढून घेतला आणि वर पाहिले.

“पाहुण्या,” शूरपाल आदराने म्हणाला, “दुरून आलेला दिसतोस. पाणी पिऊन जा.”

देवल पाणी प्यायला. दारात त्याची थोरली बहीण धान्य पाखडत होती. तिने त्याला वाट दिली आणि पदर सावरून घेतला, जसा परक्या पुरुषापुढे सावरतात तसा.

सहा दिवस चालून तो दरीला वळसा घालून तागकुळाच्या वस्तीत पोचला. वस्तीच्या टोकाला किंशुकची आई सुदेष्णा राहत होती. पेटी तिच्या घरात होती, कारण तिचा नवरा असेपर्यंत नायकी त्याच्याकडे होती.

“मी त्याच्यासोबत बोलणार होतो,” देवल उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. “बोललो नाही. म्हणून तो एकटा पडला.”

सुदेष्णा चुलीपुढून उठली नाही. “नाक दाबून बोलणारा तो तू?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“दोन वर्षं माझा मुलगा संध्याकाळ झाली की आरशात बघून केस नीट करायचा आणि धुक्यापुढे जाऊन उभा राहायचा. आईला काय कळत नाही काय?” तिने चुलीत लाकूड सारले. “तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. काय हवंय ते सांग.”

त्याने सांगितले. ती उठली आणि त्याच्या हातात किल्ली न देता स्वतःच पेटीशी गेली.

“थांबा. उघडलीत तर तुमचं कुळ तुम्हाला विसरेल.”

“त्याला ढकललं तेव्हा सगळं कुळ तिथं होतं,” सुदेष्णा म्हणाली. “या लोकांच्या लक्षात राहून मी काय करू?” आणि तिने झाकण उचलले.

दोन्ही टोके त्यांनी अंगणातल्या उन्हात शेजारी शेजारी ठेवली. देवलने वाकून पाहिले. सुरीचा वार पडला की धागे एका रेषेत तुटतात. इथे एकही रेष नव्हती. दोन्ही टोकांचे पेड मोकळे सुटून विंचरल्यासारखे पसरले होते.

“हे कापलेलं नाही,” तो म्हणाला.

सुदेष्णाने टोके हातात घेतली, बोटांनी चाचपली. “उजव्या पिळाच्या दोराला वजन आलं की तो एका अंगाला फिरतो. डाव्या पिळाचा दुसऱ्या अंगाला. टोकाला टोक बांधलं की एक दुसऱ्याला उलगडतो. गाठीपाशी दोघंही उसवतात.” ती खाली बसली. “नव्या सुनेलासुद्धा हे पहिल्या दिवशी शिकवतात. दोन पिळांचे दोर टोकाला टोक जोडू नकोस, अंगाला अंग लावून वळ.”

“मग पुलाच्या वेळी कोणी बोललं कसं नाही?”

“अर्धा आमचा दिसायला हवा होता ना. आणि अर्धा तुमचा.”

तिसरे काम त्यांनी तागकुळाच्या शिळेवर बसून केले. येणारेजाणारे दोघांनाही ओळखत नव्हते. किंशुकचा काका हसून म्हणाला, “परदेशी दिसतायत. वळू द्या, तुटणारच आहे.”

हातभर वाख आणि हातभर ताग अंगाला अंग लावून वळायचे, तेही तागकुळासारखे डाव्या हाताने. देवलचा हात चुके. सुदेष्णा सोडून पुन्हा वळायला लावी. आणि दोर हातभरच राही.

पहिल्या संध्याकाळी देवल स्वतःशीच म्हणाला, “मला बापाची भीती वाटली.” हातातला दोर वावभर, पसरल्या दोन हातांइतका, वाढला.

त्याने सुदेष्णाकडे पाहिले. ती म्हणाली, “आणखी बोल.”

“मी विसरलो नव्हतो. तोंड उघडलं तेव्हा दोन्ही वाक्यं जिभेवर होती. मी निवडलं.” दोर वाढला. “कडं मला आवडलं होतं.” दोर वाढला. “तो पडला तेव्हा आधी मला वाटलं, बरं झालं, माझं नाव घेतलं नाही त्याने.” त्यावर दोर इतका वाढला की त्याची वेटोळी शिळेवर मावेनात. सुदेष्णा ऐकत होती. तिने हात थांबवले नाहीत, आणि ती रडलीही नाही.

तीन दिवसांत दोर दरीइतका झाला. देवलच्या डाव्या तळहाताची साल निघाली होती.

संध्याकाळी दोन्ही काठांवर कुळे जमली. तागकुळाचा नवा बोलकरी शिळेकडे निघाला, पण देवल आधी उभा राहिला. समोर धुके, धुक्यापलीकडे त्याचे लोक, ज्यांना तो आठवत नव्हता. खांद्यावर कोणाचा हात नव्हता.

“दोर आपण उसवला!”

असले वाक्य दरीने कधी ऐकले नव्हते. मग खालून तागकुळाच्या मुलाच्या आवाजात ते जसेच्या तसे परत आले.

“दोर आपण उसवला!”

अशा रीतीने दोन्ही कुळांच्या तोंडून एकच खरे निघाले. धुके दुभंगले आणि दरीचा तळ सत्तर वर्षांनी दिसला. सुदेष्णाच्या हातातल्या दोराला खालून ओढ बसली. दोर ताणला गेला, करकरला, आणि तुटला नाही. दोघांनी तो हातावर हात टाकत ओढला. अंधार पडायच्या आत किंशुक काठावर आला. भुवईतला वण तसाच, केस धुक्याने ओले. आईने पदराने त्याचे तोंड पुसले.

देवल त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला. “मला क्षमा केलीस?”

किंशुकने त्याच्याकडे पाहिले.

“क्षमा केलीस?” तो म्हणाला.

“किंशुक, मी देवल.”

“मी देवल.”

शाप सुटला आणि राज्याची घडी नीट बसली. विहिरीतून कळशा भरून वर आल्या. पाळणे हलू लागले. विसरलेली नावे कुळांना आठवली. शूरपालाने निरोप पाठवला की कडे अजून शिळेवर आहे, हवे तर घेऊन जा. किंशुकच्या काकाने सगळ्यांना सांगितले की आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच. राजा वाजतगाजत आला. अंगाला अंग लावून वळलेल्या दोरांचा पूल झाला आणि त्याच्या रखवालीला देवल व किंशुक यांना नेमण्यात आले. पूल बांधून होतो न होतो तोच कोणत्या काठाचा वाख चांगला आणि कोणत्या काठाचा ताग, यावर दोन्ही कुळे भांडू लागली. पण आता ती पुलावर उभी राहून, एकमेकांच्या तोंडाकडे बघून भांडत.

राहिला तो एवढाच एक पडसाद. वैद्य आले, मांत्रिक आले. म्हणाले, दरीचा शेष आहे, जाईल हळूहळू. देवलने सुदेष्णाला विचारले, तर ती म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा.” देवल वाट पाहू लागला. पुलाच्या पहाऱ्याच्या झोपडीत दोघे एकत्र राहत. किंशुक भाकरी थापी, देवलच्या सोललेल्या हाताला तेल लावी, थंडीत घोंगडीचे टोक त्याच्या अंगावर ओढी. आणि देवल जे बोलेल त्याचे शेवटचे दोन शब्द परत करी.

“आज वारा फार आहे.”

“फार आहे.”

“तू माझ्यावर रागावला आहेस?”

“रागावला आहेस?”

असे एक वर्ष गेले. देवल रोज एकदा तोच प्रश्न विचारी आणि रोज तोच प्रश्न त्याच्याकडे परत येई. उत्तर नाही म्हणून तो झुरे, आणि नकारही नाही म्हणून जगे.

एके दिवशी दुपारी मीठ विकणारी एक बाई डोक्यावर पाटी घेऊन पूल उतरली. झोपडीपाशी टेकली, पाणी मागितले. किंशुक पलीकडच्या टोकाला फळ्या बदलत होता.

“मावशी, पलीकडच्याशी बोलायला गेला असाल तर राग मानू नका,” देवल म्हणाला. “त्याला स्वतःचं बोलता येत नाही. आपण बोलू तेच तो परत म्हणतो. दरीत होता ना.”

मीठवालीने तांब्या खाली ठेवला आणि तोंड पुसले.

“काय सांगतोस बाबा! आत्ताच म्हणाला की मला, ‘मावशी, मधली फळी सैल झालीय, पाय जपून टाका.’ माझ्या सुनेचं बाळंतपण कसं झालं तेही विचारलं त्याने. चांगला गोड बोलतो पोरगा. तुझ्याशीच बोलत नसेल.”